पाचव्या तासाचे वाचन

पाचवा तास वाचनाचा असे, आणि तो वऱ्हांड्याच्या टोकाच्या खोलीत होई. त्या खोलीपलीकडे मोडक्या बाकांची अडगळ तेवढी होती, त्यामुळे पान उलटल्याचाही आवाज कानी यावा इतकी तिथे शांतता असे. वाचन शिकवणाऱ्या सरांनी ती खोली स्वतः मागून घेतली होती. त्यांच्या शर्टाच्या खिशात काडेपेटीहून थोडे मोठे श्रवणयंत्र असे. त्यातून निघालेली बारीक तार डाव्या कानात शिरे, आणि आवाज वाढवण्यासाठी यंत्राच्या कडेला एक दातेरी चाक होते. सर सारखे ते चाक फिरवत, म्हणून वर्ग त्यांना पाठीमागे ‘रेडिओ’ म्हणे.

सर हे शब्दाचे उपासक होते. वाचणाऱ्याने उभे राहावे, पुस्तक दोन्ही हातांनी छातीसमोर धरावे आणि प्रत्येक शब्द त्याच्या शेवटच्या अक्षरापर्यंत सन्मानाने पोहोचवावा. ऐकणाऱ्याने वाचणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये. आपल्या पुस्तकावर बोट ठेवून शब्दाबरोबर चालावे. एकतीस वर्षे त्यांनी हा दंडक पाळला होता. कान उणावल्यापासून त्यांच्याकडे हा एकच वर्ग उरला होता. शिक्षकांच्या खोलीत सारे त्यांच्याशी ओरडूनच बोलत, आणि घरी ते एकटे राहत. माणसाचा साधा, न ओरडलेला आवाज त्यांच्या वाट्याला येई तो केवळ या खोलीत.

वर्षाच्या आरंभी त्यांनी चाळीस मुलांना विश्वासात घेऊन सांगितले होते, “मुलांनो, माझे कान चालले आहेत. डॉक्टर म्हणतात, आधी माणसांचा आवाज जाईल, वस्तूंचा नंतर. बाक सरकलेला ऐकू येईल, पण तुम्ही बोललेलं येणार नाही. तो दिवस आला की मी आपणहून घरी जाईन. तोवर मला स्पष्ट वाचून दाखवा. एवढं एकच मागतो.”

पुढे चाळिसांपैकी एकोणचाळीस जणांनी याच शब्दांचे हत्यार केले.

निमित्त क्षुल्लक होते. वर्गाची प्रमुख मुलगी, जिला सगळे ‘कप्तान’ म्हणत, दोन वेण्यांची, हुशार आणि गोड बोलणारी होती. शिक्षकांच्या घरी तिचे उदाहरण दिले जाई. एका दिवशी वाचताना ती शब्दांचे शेवट गिळत होती. “शेपूट खाल्लंस. पुन्हा,” सर म्हणाले. सात वेळा त्यांनी तिला तोच परिच्छेद वाचायला लावला. आठव्या वेळी “आता छान,” असे म्हणून ते मनापासून हसले. त्या हसण्यात डाव नव्हता, पण कप्तानचे कान लाल झाले होते आणि वर्गाने ते पाहिले होते.

मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळांपाशी ती म्हणाली, “उद्यापासून मासे.”

“म्हणजे?”

“मासा काय करतो? तोंड उघडतो, मिटतो. आवाज?”

“शून्य!”

“रेडिओला वाटेल, स्टेशनच गेलं.”

“आणि मग तो चाक फिरवत बसेल, खर्र खर्र,” एकाने छातीवर बोटे फिरवून दाखवले. सगळे नळाला टेकून हसले.

“तो स्वतःच म्हणालाय ना, ऐकू येईनासं झालं की घरी जाईन? जाऊ दे की बिचाऱ्याला. आराम पडेल,” कप्तान म्हणाली. “पण एक लक्षात ठेवा. एकानं जरी आवाज काढला तरी सगळं फुकट. एक म्हणजे एकसुद्धा नाही.”

असे म्हणताना तिने दुसऱ्या बाकावरच्या मुलीकडे पाहिले. ही मुलगी कापडाच्या कारखान्यात माग चालवणाऱ्या बाईची. एरवी ती अबोल असे, म्हणून कुणाला तिची फारशी चिंता नव्हती.

मागांच्या त्या शेडमध्ये दीडशे यंत्रे एकाच वेळी खडखडतात. तिथे माणसाच्या आवाजाला काही किंमत नाही. बायका एकमेकींशी ओठांनी बोलतात, शेडच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत, सासूच्या तक्रारीपासून पोरांच्या तापापर्यंत सारे काही. वीस वर्षांत मुलीच्या आईचे कान पार गेले होते, पण नजर अशी तयार झाली होती की रस्त्यापलीकडच्या माणसाचे पुटपुटणेही ती वाचू शके. मुलगी तिच्या मांडीवर हीच विद्या शिकली होती. त्या घरात एकच नियम होता: ओठ खोटे हलवायचे नाहीत. तरुणपणी आईने शेडमध्ये एकदा थट्टा केली होती. मागात अडकलेला दोरा काढायला वाकलेल्या मैत्रिणीने दुरून विचारले, “बंद आहे का?” आईचे ओठ हलले, “बंद.” माग चालू होता. मैत्रिणीची तीन बोटे गेली. आईने ही गोष्ट मुलीला एकदाच सांगितली होती. “तो शब्द माझ्या ओठांवर होता,” एवढेच बोलून ती भांडी घासायला उठली होती.

पहिल्या दिवशी सहा जणांनी वाचले. सहाही जणांचे ओठ हलले, आणि खोलीत काहीच उमटले नाही. सरांचे बोट पहिल्या ओळीवर थांबून राहिले. त्यांनी चाक फिरवले. “जरा मोठ्यानं, बाळ.” पुन्हा फिरवले. मान वर करून त्यांनी पाहिले, तर मुलाचे तोंड तर चालू होते. चाक शेवटच्या दातापर्यंत गेले, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी कंपासपेटी फरशीवर टाकली. सरांनी दोन्ही हातांनी कान धरला. काही क्षणांनी ते ओशाळे हसून म्हणाले, “बघा, वस्तूचं ऐकू आलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच.”

त्या खोलीत मुलांचे ओठ वाचता येत होते ते एकट्या त्या मुलीला. ते धडा वाचतच नव्हते. एक जण फुटबॉल संघातली नावे घेत होता. दुसऱ्याच्या ओठांवर शिव्या होत्या. कप्तान उभी राहिली, पुस्तक छातीसमोर नीट धरले आणि धड्याच्या लयीत, स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला श्वास घेत एकच शब्द म्हणत राहिली: मर, मर, मर. सर तिच्याकडे कौतुकाने पाहत होते. ही मुलगी तरी नक्की नीट वाचत असणार, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची पाळी होती. तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण काडीसारखी बारीक, म्हणून तिला ‘पेन्सिल’ म्हणत. ती कुजबुजली, “नुसतं तोंड हलव गं. कुणाचं काय जातंय?”

“माझं जातंय.”

“तुझं काय?”

मुलगी उभी राहिली आणि तिने वाचले, नेहमीच्याच आवाजात.

चाक शेवटच्या दातावर होते. तो साधा आवाज सरांच्या कानात खिळ्यासारखा शिरला. ते मागे सरकले, खुर्ची आडवी झाली. “ओरडू नकोस!”

“मी ओरडले नाही, सर.”

हे शब्दही त्यांना तितकेच बोचले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. बाकीची मुले माणसासारखी वाचतात, ते आपल्याला ऐकू येत नाही. हे दुर्दैव आपले. आणि ही एक मुलगी आपल्याला ऐकू यावे इतक्या जोराने किंचाळते. ही तिची थट्टा.

“पुन्हा वाच,” ते म्हणाले. “हळू.”

तिने आवाज उतरवला.

“आणखी हळू.”

ती जवळजवळ कुजबुजली. तेही त्यांना टोचले.

“बाकीच्यांसारखं वाच!” सर ओरडले. एकतीस वर्षांत ते वर्गात कधी ओरडले नव्हते. “या सगळ्यांकडे बघ. कशी शहाण्यासारखी वाचतात. त्यांच्यासारखं वाचता येत नाही तुला?”

वर्ग आनंदाने गुदमरला होता. ज्याची थट्टा करायची, तोच आता त्यांच्या बाजूने ओरडत होता. कप्तानने मान वळवून मुलीकडे पाहिले आणि ओठ हलवले: ऐक ना सरांचं.

“ह्याहून हळू माझ्याकडे नाही, सर,” मुलगी म्हणाली. शिक्षा म्हणून उरलेला तास ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

त्या दिवसापासून ती ‘भोंगा’ झाली. “भोंगा वाजला, चला कामावर,” असे म्हणत पोरे तिच्यामागे चालत. चार दिवसांनी ही गंमत शिळी झाली, तेव्हा पेन्सिलने नवी पुरवली. ज्या मैत्रिणीला तिने विश्वासाने सांगितले होते, तिनेच वर्गाला सांगितले की भोंग्याला ओठ वाचता येतात. मग एकोणचाळीस जणांनी तिच्याशी आवाज काढून बोलणे बंद केले. काय सांगायचे ते बिनआवाजी. शिक्षक फळ्याकडे वळले की चारी बाजूंनी तोंडे हलू लागत. तिच्या आईच्या कानांविषयी, केसांत अडकणाऱ्या कापसाविषयी, तिच्या स्वतःच्या शरीराविषयी ती तोंडे असे काही बोलत की ते आवाजात बोलण्याची कुणाची छाती झाली नसती. साक्षीदार कुणी नव्हता. तिने डोळे मिटले तर शिक्षक झोपाळू म्हणून रागावत. पेन्सिलचे ओठ सर्वांत स्पष्ट हलत, कारण नवख्या माणसाला आपली निष्ठा जास्त दाखवावी लागते.

पाळी आली की ती वाचत असे, दर आठवड्याला एकदा. दर वेळी भिंत.

तिने सरांना गाठण्याचा यत्न केला. वऱ्हांड्यात ती समोरून येताना दिसली की सर कानातली तार उपसून काढत. मग तिने चिठ्ठी लिहिली: ‘सर, तुम्हाला ऐकू येते. ते आवाज काढत नाहीत.’ सरांनी ती वाचली, चार घड्या घातल्या आणि तक्रारीच्या अर्जाला जोडून मुख्याध्यापिकाबाईंकडे दिली. अर्जात सुंदर अक्षरात लिहिले होते की ही विद्यार्थिनी कर्कश ओरडून माझ्या व्यंगाची थट्टा करते, आणि आता तिने ती लेखी स्वरूपातही केली आहे.

मुख्याध्यापिकाबाईंनी चौकशी न्यायाने केली. त्या स्वतः दोनदा पाचव्या तासाला वऱ्हांड्यातून गेल्या. दाराच्या काचेपाशी बसणारा मुलगा त्यांची सावली दिसताच बाकावर टिचकी मारी, आणि बाईंच्या कानी खणखणीत वाचन पडे. दोन्ही वेळा सर बाईंना दिसले ते कानातली तार काढून चाकाशी झटत बसलेले. त्यांनी वर्गाला विचारले, तेव्हा एकोणचाळीस जणांनी आवाज काढून सांगितले की आम्ही रोज वाचतो.

शेवटी आईला बोलावणे गेले. ती कामावरून तशीच आली, केसांवर कापसाचे तंतू घेऊन. मुलीचे सारे बोलणे तिने ओठांवरून वाचले आणि शेडमधल्या सवयीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, “मला एकदा वर्ग बघू द्या, बाई.”

काचेपाशी बसणाऱ्या मुलाला ही बाई कोण ते ठाऊक नव्हते. त्याने टिचकी मारली नाही. आई पाच मिनिटे काचेला कपाळ टेकून उभी होती. ती परत आली तेव्हा तिच्या कपाळावर काचेचा गोल उमटला होता.

“धडा वाचत नाहीयेत ती,” ती म्हणाली. “एक मुलगी उभी होती, दोन वेण्यांची. ती म्हणत होती, रेडिओ कधी मरणार, रेडिओला कधी जाळणार. आणि ते मास्तर तिच्याकडं बघून मान हलवत होते.”

मुख्याध्यापिकाबाईंनी सरांचा अर्ज पुढे ओढला. मग ओठ सावकाश हलवत, समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “हे शब्द तुमच्या मुलीनंच तुम्हाला सांगितले असतील. बरं, समजा ती मुलगी असं म्हणत होती. आवाज होत होता की नव्हता?”

“नव्हता.”

“तुम्हाला ऐकू येतं?”

आईने नकारार्थी मान हलवली.

“मग आवाज नव्हता, हे तुम्ही कशावरून सांगता?”

ही गोष्ट आईला सांगता येण्यासारखी नव्हती. जगातले सगळेच तिच्यापुढे बिनआवाजी होते.

निर्णय झाला. गुरुवारी मुलीने भर वर्गात सरांची क्षमा मागावी. मजकूर बाईंनी लिहून दिला: ‘सरांच्या व्यंगाची थट्टा करण्यासाठी मी मुद्दाम ओरडून वाचत होते. मला क्षमा असावी.’ न मागितल्यास दाखला घेऊन शाळा सोडावी.

गुरुवारी सकाळी मुलीची वेणी घालता घालता आई म्हणाली, “वाचून टाक.”

मुलगी वळली. “तूच म्हणाली होतीस ना—”

“म्हणाले होते. आता म्हणते, वाच. एकदाच. मी काही ऐकायला येणार नाही.” आपल्याच विनोदावर ती थोडी हसली, मग तिने वेणी जरा जास्तच आवळली. “पोरी, मला तू त्या मागांपाशी नको आहेस. तेवढ्यासाठी एक खोटं वाच. पाप माझ्या नावावर.”

पाचव्या तासाला मुख्याध्यापिकाबाई दाराजवळ खुर्ची टाकून बसल्या. सरांपुढे क्षमापत्राची एक प्रत होती, दुसरी मुलीच्या हातात. ही मुलगी किंचाळणार हे सरांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी यंत्राचे चाक पार खाली, पहिल्या दातावर आणून ठेवले. मग सवयीने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवले.

मुलगी उभी राहिली. पहिल्या बाकावरून कप्तानचे ओठ हलले: वाच भोंग्या, नाहीतर जा आईशेजारी.

तिने कागद बाकावर ठेवला. आवाज नेहमीहून खालीच निघाला. “सर, मी तुमची थट्टा केली नाही. तुम्हाला ऐकू येतं.”

सरांचे बोट पुढे सरकले नाही. बोटाखाली दुसरेच शब्द होते. त्यांनी खिशात हात घालून चाक चाचपले. पहिल्याच दातावर होते.

“पुन्हा बोल,” ते म्हणाले.

“तुम्हाला ऐकू येतं, सर.”

त्यांनी क्षमापत्र बाजूला सारून पुस्तक उघडले. मग म्हणाले, “कप्तान, कालचा परिच्छेद वाच.”

कप्तानने खुर्चीवरच्या बाईंकडे पाहिले. दुसरा मार्ग नव्हता. ती उभी राहिली आणि तिने वाचले, स्वच्छ, ठसठशीत. सरांचे बोट शब्दामागून शब्द चालत गेले. ती थांबली तिथे ते थांबले. वर्गाने ते पाहिले. मग सरांनी पुस्तकावरून नजर उचलली आणि ते मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहू लागले, एकेका बाकावरून, एकेका तोंडावरून. पेन्सिलने मान खाली घातली. कप्तानने घातली नाही.

“सर,” मुख्याध्यापिकाबाई त्यांच्या सवयीप्रमाणे ओरडून म्हणाल्या, “ऐकू येतंय का तुम्हाला?”

बहिरा म्हणून घरी जाणे त्यांना जमण्यासारखे होते. त्यासाठी त्यांनी वर्षभर मनाची तयारी केली होती. पण ज्यांना त्यांनी आपले दुःख सांगितले होते, त्यांनी ते दुःख हातात घेऊन त्याच्याशी रोज एक तास खेळ केला, हे पोटात घेऊन घरी जाणे त्यांना जमण्यासारखे नव्हते.

“नाही,” ते म्हणाले. “काही ऐकू येत नाही. बोट मी अंदाजानं फिरवत होतो. माझा राजीनामा आज संध्याकाळी देतो.”

“आणि या मुलीनं क्षमा मागितली नाही. मी ऐकलंय.”

“मग तुमच्या नियमाप्रमाणे करा.”

“सर, तुम्ही ऐकलंत,” मुलगी म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिले. मग कानातली तार काढली, यंत्राभोवती सावकाश गुंडाळली आणि खिशात ठेवून खिशाचे बटण लावले.

“बाहेर जा,” बाई म्हणाल्या.

ती दप्तर घेऊन निघाली. तिच्यामागे बाईंनी वर्गाला वाचन चालू ठेवायला सांगितले, आणि एकोणचाळीस आवाज एकदम उठले. वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ते ऐकू येत होते.

कार्यालयाच्या खिडकीतल्या कारकुनाने दाखला आधीच भरून ठेवला होता. चष्मा पुसत त्याने तो तिच्यापुढे सरकवला. “वाचून बघ. चूक असेल तर आत्ताच सांग, नंतर खाडाखोड चालत नाही.”

शाळा सोडण्याचे कारण, या शब्दांपुढे लिहिले होते: शिक्षकांची थट्टा व गैरवर्तन.

“चूक आहे,” ती म्हणाली.

“तारीख?”

“कारण.”

कारकून हसला. “ते मी नाही ठरवत, ताई. सही कर इथं. रजिस्टरात सही झाल्याशिवाय दाखला हातात देता येत नाही.”

तिने पेन हातात घेतले, पाहिले आणि रजिस्टरावर ठेवून दिले.

“वेडी आहेस का? दाखल्याशिवाय दुसरी कुठली शाळा तुला दारात उभं करणार नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग राहू दे,” ती म्हणाली, आणि जिना उतरून कारखान्याच्या रस्त्याला लागली.